सेलोटेपनं ग्राफिन काढायचंय? खान्देशातल्या कॉलेज लॅबमध्ये बसून कसं करायचं ते सांगतो

एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टचे दिवस आले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं हटकून विचारतात, भो, ग्राफिनवर आपल्याकडं काही होऊ शकतं का, का त्याला मुंबई नाहीतर बेंगळुरूच गाठावं लागतं. होतं की. आणि खोटंखोटं नाही, खरंखुरं एका अणूच्या जाडीचं ग्राफिन तुमच्या कॉलेजात निघू शकतं. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, ग्राफिन काढणं सोपंय, ते शोधणं अवघड आहे, आणि सापडलेला तुकडा खरंच एकच थर आहे हे स्वतःला न फसवता सांगणं तर त्याहून अवघड. म्हणून खाली टेपचा भाग लवकर उरकतो आणि मायक्रोस्कोपवर जास्त बोलतो, कारण तुमचा सगळा वेळ तिथंच जाणारे.

आधी दोन मिनिटं थिअरी. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या षटकोनी जाळीचे थर एकावर एक ठेवलेले, केळीचा खांब सोलताना एकेक सोपट निघतं तसे ते सुटतात. त्यातला सुटा एकच थर म्हणजे ग्राफिन. एका थरातले शेजारचे अणू ०.१४२ नॅनोमीटरवर घट्ट बांधलेले, पण दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर आणि तिथं फक्त व्हॅन डर वाल्स फोर्स, म्हणजे कमजोर. टेप लावून ओढलं की फाटतं ते नेमकं तिथंच. एका थरात इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित वॉलेसनं १९४७ मध्येच करून ठेवलं होतं, पण असा सुटा थर प्रत्यक्षात टिकेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं, लँडाऊ आणि पायर्ल्सचा युक्तिवाद होता की टू-डायमेन्शनल क्रिस्टल उष्णतेच्या हालचालीनंच विस्कटेल. मग २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी टेपनं तो काढून त्यावर इलेक्ट्रिकल मोजमाप पण करून दाखवलं, २०१० ला नोबेल मिळालं. यातली गंमत अशी की टनेलिंग मायक्रोस्कोपवाले लोक ग्रॅफाइटचा ताजा पृष्ठभाग मिळावा म्हणून टेप लावून वरचा थर काढायचे आणि ती टेप कचऱ्यात टाकायचे. माल त्या टेपवरच होता! (हाच गाइम ज्यानं जिवंत बेडूक चुंबकानं हवेत तरंगवला आणि त्यासाठी २००० सालचं इग नोबेल घेतलं, हे तोंडी परीक्षेत सांगू नका, पण माहीत असू द्या.)

काय काय लागतं

ग्रॅफाइट. पेन्सिल फोडू नका, शिशामध्ये क्ले मिसळलेली असते आणि क्रिस्टल बारीक असतात, त्यातून निघालेला तुकडा मायक्रोस्कोपखाली सापडायचाच नाही. नॅचरल फ्लेक ग्रॅफाइट घ्या, दोन-चार मिलिमीटरचे चकाकणारे फ्लेक, म्हणजे पापुद्रे. एचओपीजी नावाचा कृत्रिम ग्रॅफाइटचा महाग ठोकळा मिळतो, सरांकडं जुना पडलेला असेल तर वापरा, मुद्दाम विकत घेऊ नका, त्याचे क्रिस्टल ग्रेन छोटे असतात त्यामुळं मोठा फ्लेक हवा असेल तर नॅचरलच बरा.

वेफर. सगळ्यात जास्त काळजी इथं घ्या. सिलिकॉन वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती पाहिजे आणि त्यावर थर्मल ऑक्साइड, म्हणजे तापवून चढवलेला सिलिकॉन ऑक्साइडचा थर पाहिजे, जाडी ९० नाहीतर २८५ ते ३०० नॅनोमीटर. ही जाडी कोणाच्या मर्जीनं ठरलेली नाही. एका थराचं ग्राफिन पांढऱ्या उजेडाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतं, काचेवर ठेवलं तर दिसणं मुश्कील. पण ऑक्साइडच्या वरून आणि खालून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, इंटरफरन्स होतो, आणि जाडी बरोबर असेल तर त्या एका थरानं पडलेला फरक डोळ्याला दिसेल इतका वाढतो. जाडी चुकली की गेलं, ३०० ऐवजी ३१५ झाली तरी एक थर दिसेनासा होऊ शकतो असं गाइम-नोवोसेलोव्ह यांनीच लिहून ठेवलंय. आणि सप्लायरला फोनवर "जांभळा वेफर द्या" असं सांगून चालत नाही, ९० चा पण जांभळट दिसतो आणि ३०० चा पण, रंग फिरून फिरून येतात. जाडी लेखी मागवा, डब्यावरचं लेबल वाचा. पुढं कधी गेट लावून, म्हणजे खालच्या सिलिकॉनला व्होल्टेज देऊन मोजमाप करायचं असेल तर सिलिकॉन भरपूर डोप केलेलं (वीज वाहावी म्हणून दुसरे अणू मिसळलेलं) घ्या, नुसतं बघायचं असेल तर कुठलंही चालेल.

टेप. स्टेशनरीतली खाकी पॅकिंग टेप नको, डिंक सोडते. स्कॉचची मॅजिक टेप चालते, सेमीकंडक्टरवाले वेफर कापताना वापरतात ती निळी टेप मिळाली तर उत्तम, चिकटपणा कमी आणि घाण पण कमी.

मायक्रोस्कोप. बॉटनी-झूऑलॉजीचा चालणार नाही, त्यात उजेड खालून येतो आणि सिलिकॉनमधून दिसणारा प्रकाश आरपार जात नाही. वरून उजेड टाकणारा मेटलर्जिकल मायक्रोस्कोप पाहिजे. फिजिक्सला नसेल तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलवाल्यांकडं बघा, मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलचा असतोच, आणि बहुतेक वेळा कव्हरखाली नुसता पडलेला असतो. तिथले जे कोणी आप्पा नाहीतर नाना चावी सांभाळतात त्यांच्याशी आधी गोडीनं बोला, एचओडीचं पत्र नंतर न्या, उलटं केलं तर काम लांबतं हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. १० एक्स, ५० एक्स आणि शक्यतो १०० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह आणि वर कॅमेरा बसवता आला पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम

वेफर डायमंड स्क्राइबरनं साधारण एक सेंटिमीटरच्या तुकड्यांत फोडा. कोपऱ्यात स्क्राइबरनंच एक खूण करा, बाण किंवा एल, नंतर त्या खुणेशिवाय फ्लेक परत सापडत नाही. तुकडे ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं सोनिकेट करा (अल्ट्रासॉनिक बाथमध्ये हलवून धुवा), मग लगेच आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं, मग नायट्रोजननं वाळवा. ॲसिटोन तुकड्यावर तसंच वाळू दिलं तर डाग पडतात, म्हणून आयपीए लागतं. ऑक्सिजन प्लाझ्मा कुठं मिळाला तर द्या, चिकटणं खूप सुधारतं, नसेल तर अडून बसू नका. पिरान्हा सोल्यूशनच्या (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं जहाल मिश्रण) नादी लागू नका, यूट्यूबवर बघून करायची चीज नाही ती.

एक गोष्ट आपल्याकडची खास सांगतो. एप्रिल-मेमध्ये लॅबमध्ये कूलर चालू असतो, आणि तो ओली हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही थेट टेबलावर फेकतो. वेफरच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसला की ग्राफिन नीट चिकटत नाही. पंखा चालू ठेवला तर टेपवरचे बारीक फ्लेक उडून भलतीकडं जाऊन बसतात. म्हणजे कूलर बंद, पंखा बंद, घाम पुसत काम, आणि म्हणूनच मी म्हणतो की हे काम डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा, हवा कोरडी आणि गार असते, डोकं पण ठिकाणावर असतं. पावसाळ्यात करायचंच असेल तर वेफर हॉटप्लेटवर तापवून मगच टेप लावा.

टेपचा एक वीतभर तुकडा घ्या, एका टोकाला ग्रॅफाइटचा फ्लेक दाबा आणि उचला. त्याचा चकचकीत ठसा टेपवर राहील. आता टेप दुमडून तो ठसा शेजारच्या कोऱ्या जागेवर चिकटवा, हळू सोडवा, परत पुढच्या कोऱ्या जागेवर. असं पाच ते दहा वेळा. सुरुवातीला ठसे आरशासारखे चमकतात, नंतर राखाडी, मळकट होत जातात. पूर्ण चमक गेली आणि एकसारखा राखाडी पडदा दिसायला लागला की थांबा. इथं पोरांचा हावरटपणा नडतो, जितकं जास्त सोलू तितकं पातळ असं वाटतं, पण दरवेळी दुमडताना क्रिस्टल फुटतात पण, वीस वेळा केलं तर सगळा भुगा होतो आणि एका-दोन मायक्रॉनचे तुकडे हातात येतात.

मग टेप वेफरवर ठेवा, बोटानं किंवा खोडरबरनं हलकेच पण सगळीकडून दाबा, बुडबुडे राहू देऊ नका. तसंच टेपसकट १०० डिग्रीच्या हॉटप्लेटवर दोनेक मिनिटं ठेवा, थर आणि वेफरच्या मध्ये अडकलेली हवा-पाणी निघून जातं आणि मोठे फ्लेक मिळायची शक्यता बरीच वाढते. पूर्ण गार होऊ द्या आणि मग टेप अगदी सावकाश, वेफरला जवळजवळ समांतर धरून मागं ओढा. झटका दिला तर डिंक वेफरवर आणि ग्राफिन टेपवर राहतं. डिंक राहिलाच तर थोडा वेळ ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, सोनिकेट अजिबात करू नका, सगळं वाहून जाईल.

शोधाशोध

आता खरं काम. १० एक्स लावा, वेफरच्या एका कोपऱ्यापासून सुरू करा आणि ओळीनं जा, शेतात पेरणी करतो तशा सरळ, शेवटाला वळून परत. इकडंतिकडं भटकत बघितलं की तेच तेच चार तुकडे परत दिसतात आणि अर्धा वेफर राहून जातो. पहिल्या नजरेला जे दिसेल ते सगळं जाड ग्रॅफाइट, पिवळट-पांढरं, चकचकीत, डोळ्यात भरणारं. त्याच्याकडं दुर्लक्ष करा. त्याहून पातळ ते निळे. आणि एक-दोन थराचं म्हणजे पार्श्वभूमीच्या जांभळ्यापेक्षा किंचित गडद जांभळं, इतकं हलकं की पहिल्यांदा बघणारा त्याच्यावरून सरळ पुढं जातो. जाड फ्लेकच्या कडेला नजर ठेवा, बरेचदा एक थर त्याला चिकटूनच बाहेर आलेला असतो. कडा सरळ असतात आणि कोपरे ३०, ६०, १२० डिग्रीचे दिसतात. डिंकाच्या कडा गोलसर, मऊ आणि रंगीबेरंगी, तो पटकन ओळखायला शिका.

संशयित तुकडा दिसला की ५० एक्स, १०० एक्सवर जा. हिरवा फिल्टर मिळाला तर लावा, ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर हिरव्या उजेडात एका थराचा कॉन्ट्रास्ट दहा टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे डोळ्याला आरामात कळतो. आता फोटो काढा, पण कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून. हे बंद नसेल तर पुढचं सगळं गणित वाया. फोटो इमेजजेमध्ये उघडा (फोटोतली मोजमापं करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतं), ग्रीन चॅनल वेगळा करा, शेजारच्या रिकाम्या वेफरची सरासरी व्हॅल्यू काढा, फ्लेकची काढा, फरकाला रिकाम्या वेफरच्या व्हॅल्यूनं भागा. हा झाला कॉन्ट्रास्ट.

आता एकाच फ्लेकवर नुसता आकडा काढून "हा मोनोलेयर" (एकच थर) असं जाहीर करू नका. वेगवेगळ्या बऱ्याच पातळ फ्लेकचे कॉन्ट्रास्ट काढा आणि सगळे एका आलेखावर टाका. ते कुठंही पसरलेले येत नाहीत, गठ्ठ्यानं येतात, पहिला गठ्ठा, मग साधारण तेवढ्याच अंतरावर दुसरा, मग तिसरा, कारण थर एक असतो, दोन असतात, दीड नसतो. माझ्या मते एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा एक आलेख पुरे. तोच आलेख लाल, हिरवा, निळा असे फिल्टर बदलून काढला आणि फ्रेनेलच्या गणिताशी (थराथरातून प्रकाश किती परत येतो त्याची सूत्रं) ताडून पाहिला तर परीक्षकाला विचारायला प्रश्न राहणार नाहीत, आणि हे सगळं एकही महाग मशीन न वापरता.

प्रत्येक चांगल्या फ्लेकचे ५, १०, ५० आणि १०० एक्सचे फोटो ठेवा आणि कोपऱ्यातल्या खुणेपासून किती अंतरावर आहे ते वहीत लिहा. लाइट गेली तर मायक्रोस्कोप इन्व्हर्टरवर चालतो, तेवढी एक सोय.

खात्री कशी करायची

पक्कं उत्तर रामन देतो, म्हणजे लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशाच्या रंगात किती फरक पडला ते मोजणारं मशीन. आपल्या विद्यापीठात, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आधी चौकशी करा, नाही जमलं तर आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या सरकारी संस्थांमधली मशीनं आणि त्यांचे दर दिसतात, आयआयटी बॉम्बेला सैफ हे मोजमाप केंद्र आहे, पैसे भरून सँपल मोजून देतात. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं बसायचं, सकाळी मुंबईत. शक्य असेल तर सोबत स्वतः जा, कारण ऑपरेटरला तुमचा दहा मायक्रॉनचा तुकडा सापडणार नाही आणि तो जाड ग्रॅफाइटवर लेझर टाकून रिपोर्ट देऊन मोकळा होईल, त्यात त्याची काही चूक नाही.

ग्राफमध्ये काय बघायचं. आकडे सगळे वेव्हनंबरमध्ये, ते रामनचं एकक. सिलिकॉनचा पीक ५२० ला आला पाहिजे, नसेल तर आधी कॅलिब्रेशन. १५८० च्या जवळ जी पीक, २७०० च्या जवळ टूडी पीक. एका थरात टूडी एकच, सुबक, अरुंद, रुंदी २५-३० वेव्हनंबर आणि सहसा जी पेक्षा बराच उंच. दोन थर झाले की टूडी रुंद होतो आणि त्यात चार पीक लपलेले असतात. नुसत्या उंचीच्या गुणोत्तरावर विश्वास टाकू नका, हवेतल्या नाहीतर ऑक्साइडमधल्या चार्जमुळं ते बदलतं, आकार आणि रुंदी बघा. १३५० ला डी पीक दिसला तर डिफेक्ट आहेत, पण लेझर कडेवर पडला असेल तर तो येणारच, मध्यभागी घेऊन बघा. लेझरची पॉवर एक मिलिवॉटच्या आत ठेवायला सांगा.

एएफएमवर (बारीक टिप फिरवून उंची मोजणारा ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) पोरं फसतात ते वेगळंच. थर ०.३३५ नॅनोमीटर, पण वेफरपासूनची पायरी ०.४ पासून १ नॅनोमीटरपर्यंत काहीही येते, खाली पाणी अडकलेलं असतं, टिप दोन्हींवर वेगळी वागते. फ्लेक जिथं दुमडलाय तिथली पायरी मोजा, ती बरोबर येते.

हे ग्राफिन नाही, ते वेगळं

आपल्याकडं बऱ्याच प्रोजेक्टच्या कव्हरवर ग्राफिन लिहिलेलं असतं आणि आत हमर्स मेथड असते. ही १९५८ ची पद्धत, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पोटॅशियम परमँगनेट, त्यातून निघतं ते ग्राफिन ऑक्साइड, रिड्यूस केल्यावरसुद्धा (त्यातला ऑक्सिजन काढल्यावरसुद्धा) जाळीत भोकं आणि ऑक्सिजन राहतातच. कॅपॅसिटर, वॉटर फिल्टर असल्या कामाला ते चांगलं आहे, पण डी पीक हा एवढा मोठा असताना त्यावर डिरॅक कोन आणि क्वांटम हॉल असल्या, शुद्ध ग्राफिनमधल्या इलेक्ट्रॉनच्या खास वागण्याच्या गप्पा मारू नयेत. शिवाय ते मिश्रण तापलं तर मँगनीज हेप्टॉक्साइडचा स्फोट होतो, बर्फात ठेवून आणि केमिस्ट्रीच्या सरांसमोरच करायचं.

बाजारातल्या "ग्राफिन पावडर"चं पण तसंच. २०१८ मध्ये सिंगापूरच्या ग्रुपनं ६० कंपन्यांचा माल तपासला, बहुतेकांत खरं ग्राफिन दहा टक्क्यांपेक्षा कमी निघालं, बाकी बारीक ग्रॅफाइट. पावडर घेतलीच तर आधी तिचाच रामन काढा, तोच प्रोजेक्ट होईल.

भरपूर प्रमाणात काढायचं असेल तर डब्लिनच्या कोलमन ग्रुपची २०१४ ची आयडिया आहे, पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि ग्रॅफाइट किचन ब्लेंडरमध्ये फिरवायचं. चालतं ते, पण निघतात ते बहुतेक काही थरांचे छोटे तुकडे आणि सेंट्रिफ्यूज लागतोच. घरचा मिक्सर नेऊ नका, परत चटणीला वापरता येणार नाही आणि आई जे बोलेल ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ग्राफिननंतर काय

टेप तीच, फ्लेक बदला. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या, मला तर शिकायला हे ग्राफिनपेक्षा जास्त मजेचं वाटतं. जाड असताना त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) इनडायरेक्ट, म्हणजे प्रकाश देणं अवघड, १.३ ईव्हीच्या आसपास, आणि एक थर झाला की डायरेक्ट, १.८-१.९ ईव्ही, म्हणजे जो पदार्थ जाड असताना जेमतेम चमकतो तो एका थरात लाल प्रकाश द्यायला लागतो. २०१० मध्ये हे दिसलं. रामनच्या मशीनवरच फोटोल्युमिनेसन्स (पीएल, म्हणजे लेझर पडल्यावर पदार्थानं दिलेला उजेड) पण घेता येतो. त्याचे दोन रामन पीक ३८५ आणि ४०५ च्या आसपास असतात, त्यांच्यातलं अंतर जाड फ्लेकला २५ आणि एका थराला १८-१९, म्हणजे थर मोजायची पट्टीच मिळाली. हेक्झागोनल बोरॉन नायट्राइड सुरुवातीला नको, पारदर्शक असल्यामुळं एक थर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. ब्लॅक फॉस्फरस हवेत खराब होतो, ग्लोव्हबॉक्स (हवाबंद पेटी) नसेल तर विसरा.

दोन ग्राफिन १.१ डिग्रीनं फिरवून एकावर एक ठेवले की सुपरकंडक्टर होतं, हे एमआयटीच्या हरियो-हेरेरो ग्रुपनं २०१८ ला दाखवलं आणि त्याबद्दल सगळेच विचारतात. ते आपल्या टेबलावर होणार नाही. ट्रान्सफर स्टेज, लिथोग्राफी, १.७ केल्विनचं तापमान, सगळं लागतं. पण तिकडं जायची वाट बंद नाही, आयआयटी बॉम्बे आणि बेंगळुरूच्या आयआयएससीच्या नॅनोफॅबमध्ये (अशी बारीक डिव्हाइस बनवायच्या लॅबमध्ये) बाहेरच्या कॉलेजवाल्यांसाठी आयएनयूपी नावाचा सरकारी प्रोग्राम चालतो, ट्रेनिंग देतात, प्रपोजल पास झालं तर डिव्हाइस पण करू देतात. मुंबईत टीआयएफआरला मंदार देशमुख आणि बेंगळुरूला अरिंदम घोष यांचे ग्रुप याच विषयावर काम करतात, त्यांचे पेपर अर्काइव्ह (arXiv) वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. आणि कुठल्याही लॅबला समर प्रोजेक्टसाठी मेल टाकताना मार्कशीटच्या आधी तुमच्या त्या कॉन्ट्रास्टच्या आलेखाचा फोटो जोडा. फ्लेक शोधायला बसणारं माणूस प्रत्येक लॅबला कायम हवंच असतं.

राहिलेले वेफर प्लास्टिकच्या छोट्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून, तारीख आणि ऑक्साइडची जाडी लिहून ठेवा. ग्राफिन वर्षभर टिकतं, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर मात्र हळूहळू खराब होतो, त्यामुळं त्याचं रामन-पीएल पहिल्या काही दिवसांतच उरकून घ्या.